फिरत्या टेबलावरचे फोटॉन: अजडत्वीय चौकटीत प्रकाशाने क्वांटम भौतिकी कशी तपासावी

१९१३ साली जॉर्ज सान्याक यांनी एक लहानसं टेबल सेकंदाला साधारण दोन फेऱ्यांच्या वेगाने फिरवलं. त्यावर आरसे, दिवा आणि कॅमेरा असं सगळंच बसवलेलं होतं. प्रकाशाचा एक किरण त्यांनी टेबलाच्या फिरण्याच्या दिशेने धाडला, दुसरा उलट दिशेने, आणि दोन्ही परत एकत्र आणून व्यतिकरणाचे, म्हणजे दोन लाटा एकमेकींवर पडून बनणारे उजेड-अंधाराचे, पट्टे पाहिले. किरणांनी वेढलेलं क्षेत्रफळ हजार चौरस सेंटिमीटरही नव्हतं. टेबल एकदा सुलट आणि एकदा उलट फिरवल्यावर दोन फोटोंमध्ये पट्टे जेमतेम ०.०७ पट्ट्याइतके सरकले. सान्याक यांना वाटलं, ईथर (प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानलं जाणारं माध्यम) सापडला! पण माक्स फॉन लाउए यांनी आधीच, १९११ मध्ये, दाखवून ठेवलं होतं की एवढ्या अचूकतेला ईथरवाला सिद्धांत आणि सापेक्षता, दोघांचंही उत्तर एकच येतं. प्रयोग चोख होता, पण त्यावरून काय सिद्ध होतं हे सांगताना गडबड झाली.

फिरत्या, म्हणजे स्वतःच प्रवेगात असलेल्या (अजडत्वीय) चौकटीत क्वांटम प्रकाशावर प्रयोग करणाऱ्यांसाठी हा सापळा आजही तसाच उघडा आहे. फोटॉनच्या जोड्या बनवणं आता कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमतं. फिरवलं की काहीतरी सरकतं, हेही दिसतं. पण जे सरकलं ते फिरण्यामुळे सरकलं, की फिरताना यंत्र वाकलं म्हणून? आणि त्यात क्वांटम असं नेमकं काय होतं? पुढच्या पायऱ्या या दोन प्रश्नांभोवती रचल्या आहेत.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

प्रवेग आणि क्वांटम हे शब्द शेजारी आले की लगेच कुणीतरी अनरू परिणामाचं नाव काढतं. प्रवेगी निरीक्षकाला निर्वात पोकळी किंचित गरम भासते, असं तो परिणाम सांगतो. पण हिशोब करून बघा. एक केल्विन तापमान भासायला प्रति सेकंद वर्ग २.५ गुणिले १० चा २० वा घात मीटर इतका प्रवेग लागतो. गुरुत्वाच्या ३० पट प्रवेग देणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये हे तापमान केल्विनच्या अब्जाव्या भागाचाही अब्जावा भाग, साधारण तेवढंच भरतं. टेबलावर ते दिसणार नाही. तो विषय बाजूला ठेवा.

मग टेबलावर काय तपासता येतं? तीन गोष्टी. एक, गुंतलेल्या (एंटँगल्ड, म्हणजे ज्यांची अवस्था एकत्रच सांगता येते अशा) फोटॉनांचं गुंतलेपण प्रवेगात टिकतं का. व्हिएन्नातल्या गटाने २०१७ मध्ये एंटँगल्ड फोटॉनांचा अख्खा स्रोत आधी खाली सोडला, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. गुरुत्वाच्या ०.०३ पटीपासून ३० पटीपर्यंत त्यांच्या मोजमापाच्या अचूकतेत गुंतलेपणाला धक्का लागला नाही. दोन, दोन फोटॉन एकाच वेळी येऊन भेटण्याची जागा फिरण्याने सरकते का. हे ग्लासगोच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. तीन, दोन फोटॉनांच्या गुंतलेल्या अवस्थेला फिरण्याची कला (फेज, म्हणजे लाट किती मागे-पुढे सरकली ते) एकट्या फोटॉनच्या दुप्पट मिळते का. माझ्या मते पहिल्यांदा हात घालायला हा तिसरा प्रश्न सर्वांत चांगला. तो का, ते हिशोबातूनच कळेल.

पायरी २: खरेदीच्या आधी कागद

फिरण्यामुळे दोन उलट दिशांच्या किरणांच्या पोचण्यात फरक पडतो, तो सान्याक परिणाम. त्याचं मूळ सूत्र सोपं आहे:

विलंब = ४ × क्षेत्रफळ × कोनीय वेग ÷ प्रकाशवेगाचा वर्ग

फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेची तार) गुंडाळलेला असेल तर क्षेत्रफळ सगळ्या वेढ्यांचं मिळून धरायचं. कोनीय वेग रेडियन प्रति सेकंदात, म्हणजे फेऱ्या गुणिले २π. हा २π विसरण्याचा मान बहुतेक प्रत्येकाला एकदा मिळतोच. अजून एक गंमत म्हणजे फायबरचा अपवर्तनांक या सूत्रात कुठेच नाही. काचेत प्रकाश हळू जातो, पण काचही टेबलाबरोबर फिरते, आणि दोन दिशांच्या फरकातून तो अंक नाहीसा होतो. विलंबाला व्हॅक्यूममधल्या प्रकाशवेगाने गुणलं की पथातला फरक मिळतो. तो व्हॅक्यूममधल्या तरंगलांबीने भागून २π ने गुणला की कला मिळते.

आता आकडे घालू. ४५ सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमवर फायबरचे ३६ वेढे घेतले तर फायबर साधारण १०० मीटर लागतं आणि एकूण क्षेत्रफळ २२.५ चौरस मीटरच्या आसपास येतं. सेकंदाला एक फेरी या वेगाला विलंब ६.३ फेम्टोसेकंद, म्हणजे पथात १.९ मायक्रोमीटरचा फरक. ८१० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी ही कला १४.६ रेडियन होते. पण त्याच वेगाला ड्रमच्या कडेवर अपकेंद्री प्रवेग गुरुत्वाच्या १.८ पट असतो! म्हणजे तुमचे लेन्स, मिरर माउंट, फायबरची टोकं, सगळे बाहेरच्या दिशेने ओढले जातायत.

मग वेग वीस पट कमी करा: मिनिटाला तीन फेऱ्या. कला वीस पटच कमी होऊन ०.७३ रेडियनवर येते. अपकेंद्री प्रवेग मात्र चारशे पट कमी होतो, म्हणजे गुरुत्वाच्या सव्वादोनशेव्या हिश्शाएवढा. परिणाम वेगाच्या प्रमाणात घटला, पण त्रास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटला. या सौद्यासाठीच मी कला मोजणारी मांडणी आधी करा म्हणतो. दोन फोटॉनांच्या अवस्थेला दुप्पट कला मिळते, १.४६ रेडियन. टेबल सुलट तीन फेऱ्यांवरून उलट तीन फेऱ्यांवर नेलं की फरक २.९ रेडियन होतो, म्हणजे पट्ट्यांच्या आलेखात जवळजवळ दरीतून शिखरावर. मिनिटाला तीन फेऱ्या म्हणजे वीस सेकंदांत एक. इतक्या संथ फिरण्यातून एवढा मोठा बदल मिळतो.

पायरी ३: मांडणी

स्रोतासाठी ४०५ नॅनोमीटरचा लेझर आणि एका फोटॉनचे दोन करणारा पीपीकेटीपी स्फटिक घ्या. त्यातून ८१० नॅनोमीटरचे दोन फोटॉन एकाच रेषेत, एक आडव्या आणि एक उभ्या ध्रुवीकरणाचा, असे निघतात. हाफ वेव्ह प्लेटने (ध्रुवीकरण फिरवणाऱ्या चकतीने) दोघांचं ध्रुवीकरण ४५ अंशांनी वळवलं की एक सुंदर गोष्ट घडते: आडव्या-उभ्याच्या भाषेत ही जोडी 'दोन्ही आडवे' किंवा 'दोन्ही उभे' अशा अध्यारोपित अवस्थेत असते, म्हणजे दोन्ही शक्यता एकत्र. एक आडवा आणि एक उभा ही शक्यता खोडली जाते. १९८७ मध्ये हाँग, ऊ आणि मँडेल यांनी बीम स्प्लिटरवर (प्रकाश दोन वाटांत विभागणाऱ्या आरशावर) पाहिलं की एकाच वेळी आलेले दोन एकसारखे फोटॉन एकाच तोंडातून बाहेर पडतात; तेच हे ध्रुवीकरणाच्या वेषात.

ही जोडी ध्रुवीकरण बीम स्प्लिटरवर गेली की आडवे फोटॉन ड्रमभोवती एका दिशेने जातात आणि उभे दुसऱ्या दिशेने. म्हणजे दोन्ही फोटॉन सुलट किंवा दोन्ही उलट. फायबर ध्रुवीकरण राखणारं घ्या, आणि त्याचं एक टोक ९० अंशांनी फिरवून बसवा, म्हणजे दोन्ही दिशांचा प्रकाश फायबरच्या एकाच अक्षावरून जाईल. हे केलं नाही तर दोन दिशांचे रस्तेच वेगळे होतात आणि तापमानाचा प्रत्येक चढउतार तुमच्या आकड्यांत येऊन बसतो. परतणारा प्रकाश आल्या वाटेनेच येतो. त्याला वेगळं काढायला ध्रुवीकरण न बिघडवणारा सर्क्युलेटर (परतणाऱ्या प्रकाशाला वेगळ्या तोंडातून बाहेर काढणारा भाग) लावा. तो नसेल तर साधा अर्धा-अर्धा बीम स्प्लिटर चालतो, पण मग जोड्यांचा फक्त सोळावा हिस्सा हाती येतो.

परतलेल्या प्रकाशावर क्वार्टर वेव्ह आणि हाफ वेव्ह प्लेट, मग दुसरा ध्रुवीकरण स्प्लिटर, त्याच्या दोन तोंडांवर दोन सिलिकॉन डिटेक्टर. वेव्ह प्लेटचं काम शून्य कलेपासून बाजूला सरकण्याचं आहे. शिखरावर किंवा दरीत उभं राहून मोजलं तर छोटा बदल दिसतच नाही, म्हणून उतारावर उभं राहायचं.

पायरी ४: टेबल स्थिर असतानाच सगळं पारखून घ्या

इथे घाई करणारे पुढे रडतात. टेबल फिरवण्याआधी चार गोष्टी तपासा.

जोड्यांची नोंद. प्रत्येक डिटेक्टरवर सेकंदाला एक लाख टिचक्या (फोटॉनच्या नोंदी) आणि दोन टिचक्या एकत्र मानण्याची खिडकी दोन नॅनोसेकंद असेल, तर निव्वळ योगायोगाने जुळलेल्या जोड्या सेकंदाला वीस येतात. त्या वजा करा, आणि वजा केल्याची नोंद ठेवा.

पॉवर. लेझरची ताकद अर्धी करा. खऱ्या जोड्या निम्म्या होतील, योगायोगी जोड्या पावपट होतील. तसं झालं नाही तर तुम्ही जे मोजताय ते जोड्या नाहीत.

पट्टे. वेव्ह प्लेट फिरवून जोड्यांचा आलेख काढा. आता नीट ऐका, कारण बहुतेक जण इथेच फसतात. 'जोड्यांचे पट्टे एकट्या फोटॉनच्या दुप्पट दाट आले, म्हणजे क्वांटम सिद्ध झालं', हे खरं नाही. साधा लेझरचा प्रकाश याच यंत्रात सोडा आणि त्याच्या योगायोगी जोड्या मोजा. एका तोंडाची तीव्रता वाढताना दुसऱ्याची घटते, दोन्हींचा गुणाकार केला की तोही दुप्पट दाट पट्टे देतो, आणि तेही पूर्ण खोल! फरक दुसरीकडे आहे. लेझरच्या प्रकाशात प्रत्येक डिटेक्टरची एकेरी मोजणीही वरखाली होते. गुंतलेल्या जोडीत एकेरी मोजणी सपाट राहते, आणि फक्त दोघांची एकत्र नोंद नाचते. शिवाय ती नोंद योगायोगाच्या हिशोबापेक्षा कित्येक पट जास्त असते. म्हणून प्रत्येक आलेखात जोड्यांच्या खाली एकेरी मोजणीची रेषाही छापा. माझ्यासमोर असा निकाल आला आणि त्यात ही रेषा नसेल, तर मी पुढे वाचत नाही.

तापमान. रात्रभर नोंद घ्या. खोलीच्या एका बाजूची हवा बदलली की फायबरच्या एका टोकाकडचं तापमान आधी बदलतं. दोन दिशांचा प्रकाश तिथून वेगवेगळ्या क्षणी जातो, आणि न फिरताच फिरल्यासारखी कला मिळते. फायबर जायरो (याच परिणामाने फिरणं मोजणारं उपकरण) बनवणाऱ्यांमध्ये ही गोष्ट १९८० पासून शुप यांच्या नावाने ओळखली जाते. ड्रमला फोमची पेटी करा आणि वेढे मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना सारखे गुंडाळा, म्हणजे मध्यापासून समान अंतरावरचे भाग एकमेकांना लागून राहतील.

पायरी ५: फिरवणं

सगळं टेबलावर चढवा: लेझर, स्फटिक, डिटेक्टर, मोजणी करणारं सर्किट, छोटा संगणक, बॅटरी. स्रोत जमिनीवर ठेवून प्रकाश टेबलावर आणला तर दोन चौकटींच्या सांध्यावरचे सगळे दोष तुमच्या उत्तरात शिरतात. जड आणि नाजूक वस्तू अक्षाजवळ ठेवा. स्फटिक तर अक्षावरच. आकडे वायफायने बाहेर पाठवा. स्लिप रिंगमधून (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या सरकत्या जोडणीतून) वीज आणली तरी चालते, पण तिचा खडखडाट मोजणीच्या तारांपासून लांब राहील असं बघा.

वेग बदलल्यावर थांबा. वेग वाढत असताना स्पर्शरेषेतही प्रवेग असतो आणि सगळं थोडं डगमगतं. स्थिरावल्यावर किमान दोन पूर्ण फेऱ्या जाऊ द्या, मगच मोजा. आणि मोजणी नेहमी पूर्ण फेऱ्यांची करा. फिरता फिरता फायबर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातही दिशा बदलत असतो. त्याने कलेत शिरणारा छोटासा हेलकावा पूर्ण फेरीत आपोआप सरासरीत विरतो, साडेतीन फेऱ्यांत विरत नाही.

वेगांचा क्रम सोडत काढून ठरवा. शून्य, एक, दोन, तीन असं चढत गेलात तर खोलीचं तापमानही त्याच वेळात चढत असतं, आणि दोन सरळ रेषा एकमेकींवर बसतात.

पायरी ६: शून्य कुठून आणायचं

हा या लेखाचा गाभा. 'टेबल थांबवलं की शून्य' हे उत्तर पुरत नाही, कारण थांबलेल्या टेबलावर ताणही नसतो, वाराही नसतो, मोटरचा आवाजही नसतो. खरं शून्य ते, ज्यात बाकी सगळं तसंच राहतं आणि फक्त सान्याक परिणाम जातो.

सर्वांत स्वस्त उपाय सान्याक यांचाच: उलट फिरवा. परिणाम दिशेबरोबर चिन्ह बदलतो. अपकेंद्री ओढ वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे चिन्ह बदलत नाही. दोन दिशांच्या वाचनांची वजाबाकी करून निम्मं घ्या, ते तुमचं उत्तर. बेरीज करून निम्मं घ्या, त्यातून स्थिर टेबलाचं वाचन वजा करा, तो तुमच्या यंत्राचा गुन्हा. दोन्ही छापा. एकदा माझ्या आलेखात कला वेगाबरोबर छान वाढत होती, पण उलट फिरवल्यावरही त्याच बाजूला वाढायला लागली. दिवसभर स्फटिकाकडे संशयाने बघत बसलो. शेवटी सापडलं ते इतकंच: जोडणीच्या फायबरचा एक सैल फास टेबल फिरलं की बाहेर झुलत होता. दोन पैशांच्या चिकटपट्टीने तो बसला.

दुसरा उपाय जास्त मेहनतीचा आणि जास्त खात्रीचा. दुसरा ड्रम घ्या आणि त्यावर तेवढंच फायबर, पण १८ वेढे एका दिशेने आणि १८ उलट दिशेने. मधल्या वळणाला त्रिज्या पुरेशी मोठी ठेवा, नाहीतर तिथेच प्रकाश गळेल. लांबी तीच, ताण तोच, तापमान तेच, पण निव्वळ क्षेत्रफळ शून्य. या ड्रमवर दोन दिशांच्या वजाबाकीत काही उरलं, तर ते सान्याक नाही. मुख्य निकालाची अनिश्चितता या ड्रमच्या आकड्यावरूनच ठरवा.

तिसरा: ड्रम तिरपा करा. क्षेत्रफळाची दिशा आणि फिरण्याचा अक्ष यांच्यात ६० अंश असतील तर परिणाम निम्मा, ९० अंशांना शून्य. ताणाची मांडणी इथे बदलते, म्हणून हा उपाय साक्षीदार म्हणून ठीक, मुख्य पुरावा म्हणून नको.

टेबलच थांबवता येत नसेल तर? १९२५ मध्ये मायकेलसन आणि गेल यांच्यासमोर हाच पेच होता. त्यांचं टेबल म्हणजे अख्खी पृथ्वी. ६१२ मीटर लांब आणि ३३९ मीटर रुंद नळ्यांचा आयत टाकला, नळ्यांतली हवा उपसली, पण शून्य आणायचं कुठून? त्यांनी बाजूला एक लहान वळसा केला. त्यात पृथ्वीचा परिणाम नगण्य, आणि त्याच्या पट्ट्यांच्या तुलनेत मोठ्या वळशाचे पट्टे मोजले. ०.२३६ पट्ट्याची अपेक्षा होती, ०.२३० मिळाले. २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या गटाने गुंतलेल्या फोटॉनांवर पृथ्वीचं फिरणं दाखवलं. तिथे दोन किलोमीटर फायबरचं मिळून ७१५ चौरस मीटर क्षेत्रफळ होतं, आणि शून्यासाठी ऑप्टिकल स्विच, जो फायबरचे दोन भाग एकमेकांविरुद्ध जोडून परिणाम मिटवतो. हिशोब केला तर कळतं की १५५० नॅनोमीटरला एवढ्या क्षेत्रफळाने एका फोटॉनला पृथ्वीकडून जास्तीत जास्त २.८ मिलिरेडियन कला मिळते. असा चिमुकला आकडा शून्याशिवाय कुणी मानलाच नसता.

पायरी ७: गुणोत्तर

आता त्याच फायबरमधून ८१० नॅनोमीटरचा मंद लेझर सोडून एकेरी मोजणीने कला मोजा, आणि मग जोड्यांची कला मोजा. दोन्ही वेगाविरुद्ध मांडा. दोन सरळ रेषा मिळतील. त्यांच्या उतारांचं गुणोत्तर २ यायला हवं. या गुणोत्तरात ड्रमची त्रिज्या नाही, वेढ्यांची संख्या नाही, मोटरच्या वेगाचं कॅलिब्रेशन नाही, सगळं छेदून जातं. उरते फक्त दोन फोटॉनांची अवस्था. लेझरची तरंगलांबी मात्र जोड्यांच्या मध्यतरंगलांबीशी जुळवून घ्या. तिथे एक टक्का चूक झाली तर गुणोत्तरातही एक टक्का चूक.

पायरी ८: वाटलं तर हाँग-ऊ-मँडेल

हे जमल्यावर ग्लासगोच्या वाटेने जा. तिथे एक फोटॉन सुलट आणि दुसरा उलट जातो, दोघं बीम स्प्लिटरवर भेटतात, दोघं एकाच वेळी पोचले की दोन तोंडांवर एकत्र नोंदणाऱ्या जोड्या घटतात, आणि जोड्यांच्या आलेखातली ही दरी फिरण्याने सरकते. इथे कला नाही, पोचण्याची वेळ मोजली जाते, म्हणून वेगही जास्त लागतो. १० नॅनोमीटरचे फिल्टर लावले तर दरीची रुंदी साधारण ४१ मायक्रोमीटर येते. सेकंदाला एक फेरी, सुलट आणि उलट मिळून दरी ३.८ मायक्रोमीटर सरकते.

दरीच्या उतारावर उभं राहून हिशोब करा. दरीबाहेर सेकंदाला २००० जोड्या आणि दरीची खोली ९० टक्के धरली, तर उतारावर सेकंदाला ९०० च्या आसपास जोड्या येतात आणि दोन दिशांत २४० चा फरक पडतो. दहा-दहा सेकंद मोजलं की फरक निव्वळ आकड्यांच्या गोंधळाच्या अठरा पट होतो. म्हणजे मोजणी स्वस्त आहे. महाग आहे ते दरी त्या वीस सेकंदांत स्वतःहून एक मायक्रोमीटरही न सरकणं. दरीची खोली ५० टक्क्यांपेक्षा जास्त आहे हे आधी दाखवा, कारण तेवढी खोली कला भरकटणारे दोन साधे लेझरही देतात. फिल्टर अरुंद केला तर दरी रुंद होते आणि उतार मंदावतो. फार रुंद फिल्टरने दरी धारदार होते, पण फोटॉन एकमेकांसारखे राहणं अवघड जातं. १० नॅनोमीटर ही बरी तडजोड.

निकाल लिहिताना सान्याक यांचा फॉन लाउए आठवा. तुमची दरी आणि तुमचे पट्टे साध्या सान्याक सूत्राने सांगितलेल्या जागी येतील, बहुतेक अगदी तिथेच. त्यावरून एवढंच लिहा: दोन फोटॉनांचं व्यतिकरण फिरत्या चौकटीत अमुक अनिश्चिततेपर्यंत अपेक्षेप्रमाणे वागलं, गुणोत्तर इतकं आलं, आणि शून्य क्षेत्रफळाच्या ड्रमवर इतकं उरलं. गुरुत्व आणि क्वांटमचा मेळ घातल्याचा दावा करू नका. तुमचं टेबल सपाट अवकाशात फिरतंय.